वर्धनीय, तन्य आणि लवचीक
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेले व्याख्यान)



सहावीच्या विज्ञानाच्या एका चाचणीत असा प्रश्न होता : ‘वर्धनीय पदार्थाचे एक उदाहरण सकारण लिहा.’ एका मुलाने लिहिले, ‘रबर, कारण ते ओढले की वाढते.’ त्याच वर्गातील एका मुलीने लिहिले, ‘पेढ्यावरचा वर्ख.’ कारणाची जागा तिने कोरीच सोडली होती. शिक्षकांनी दोन्ही उत्तरांवर सारखीच तांबडी फुली मारली. उत्तरसूचीत सोने, चांदी, तांबे आणि ॲल्युमिनिअम ही चार नावे होती. रबर तीत नव्हते, तसा वर्खही नव्हता.

यांपैकी दुसरी फुली सर्वस्वी चुकीची होती. वर्ख म्हणजे चांदीच. चांदीचा लहानसा तुकडा पानांच्या थरांमध्ये ठेवून तासन्‌तास हातोडीने ठोकला, म्हणजे फुंकरीने उडावा इतका पातळ पापुद्रा तयार होतो. वर्धनीयतेचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. मुलीला कारण लिहिता आले नाही हे खरे. परंतु पदार्थ तिने अचूक ओळखला होता, आणि तोही पुस्तकातून नव्हे, मिठाईच्या दुकानातून. पहिली फुली नियमाला धरून होती. तथापि त्या मुलाची चूक कोठून आली याचा विचार झाला नाही, तर पुढील वर्षी दुसरा मुलगा तीच चूक करील. त्याला रबराने फसविले नाही, शब्दाने फसविले.

‘वर्धन’ म्हणजे वाढ हे त्याला ठाऊक होते. रबर ओढल्यावर वाढते हेही त्याने पाहिले होते. दोहोंची सांगड त्याने घातली, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. मराठीत ‘वाढणे’ हे क्रियापद फार मोकळेपणाने वापरले जाते. पोर वाढते, कर्ज वाढते, ताटात भात वाढतात, आणि सुवासिनीच्या हातातील बांगडी फुटली तरी ‘बांगडी वाढली’ असे म्हणतात. अशा भाषेत वाढलेल्या मुलापुढे ‘वर्धनीय’ हा शब्द उघडा टाकून पुढे जाणे बरे नव्हे. तो थोडा सोडवून दाखविला पाहिजे.

शब्दाच्या शेवटी जे ‘अनीय’ आहे, त्याचा अर्थ ‘तसे करता येण्याजोगे’ किंवा ‘तसे करण्यास योग्य’ असा होतो. वाचनीय पुस्तक स्वतः वाचत नाही, ते वाचले जाते. वंदनीय पुरुष वंदन करीत नाही, त्याला लोक वंदन करतात. त्याच न्यायाने वर्धनीय पदार्थ आपण होऊन वाढत नाही. दुसऱ्याने ठोकून वाढविला म्हणजे वाढतो. आपोआप वाढण्याचा ज्याचा स्वभाव आहे, त्यासाठी संस्कृतात निराळा शब्द आहे, आणि तो महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेच्या भिंतीवर कोठे ना कोठे लिहिलेला असतो. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतील ‘वर्धिष्णु’ हा तो शब्द. प्रतिपदेची कोर कोणी ठोकून मोठी करीत नाही. ती स्वभावतःच वाढते. ‘सहिष्णु’ आणि ‘सहनीय’ ही जोडी फळ्यावर शेजारी लिहावी. जो सहन करतो तो सहिष्णु, जे सहन करता येते ते सहनीय. मग ‘वर्धिष्णु’ आणि ‘वर्धनीय’ यांतील अंतर पाचवी-सहावीच्या मुलालाही कळते. भाषेच्या तासाला केलेले हे पाच मिनिटांचे काम विज्ञानाच्या तासाचा अर्धा वेळ वाचविते.

विज्ञानाने या शब्दाला आणखी एक मर्यादा घातली आहे. ठोकून किंवा दाबून ज्याचा पातळ पत्रा करता येतो, तो पदार्थ वर्धनीय. ओढून ज्याची तार काढता येते, तो तन्य. ‘तन्य’ शब्दाच्या मुळाशी ‘तन्’ हा ताणण्याच्या अर्थाचा धातू आहे. ‘तंतू’ हा शब्द त्याच कुळातील. पुष्कळ धातूंत हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. सोन्यात तर ते पराकोटीला पोहोचलेले असतात. केवळ 1 ग्रॅम सोने ठोकून सुमारे 1 चौरस मीटर पत्रा होतो, आणि तेवढ्याच सोन्याची सुमारे 2 किलोमीटर लांब तार निघते. गावाच्या वेशीपासून शेजारच्या वाडीपर्यंत जाणारी तार एका मणीभर सोन्यात दडलेली आहे, असे सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. मात्र हे दोन गुण एकच आहेत असा समज होऊ देऊ नये. शिसे ठोकले तर सहज पसरते, परंतु त्याची बारीक तार ओढू गेल्यास ती मध्येच तुटते. ठोकताना धातू दाबला जातो, ओढताना ताणला जातो. दाब सोसणारा प्रत्येक पदार्थ ताण सोसतोच असे नाही. (शिसे विषारी असल्यामुळे ते मुलांच्या हाती देऊ नये, हे उदाहरण तोंडीच सांगावे.)

आता रबराकडे परत येऊ. रबर ओढले असता लांबते आणि सोडले असता पूर्ववत होते. हा गुण स्थितिस्थापकतेचा. म्हणजे ‘याला आकार देता येतो काय?’ हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. दोन प्रश्न विचारावे लागतात : आकार कशाने बदलला, आणि हात काढून घेतल्यावर तो टिकला काय? ठोकल्याने बदलला व टिकला, तर वर्धनीय. ओढल्याने बदलला व टिकला, तर तन्य. बदलला पण टिकला नाही, तर स्थितिस्थापक. बदलण्याऐवजी तुकडेच झाले, तर ठिसूळ. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे दोन प्रश्न मुलांच्या तोंडी बसविणे अधिक हिताचे आहे. त्या मुलाला हे दोन प्रश्न माहीत असते, तर रबर त्याने आपणच खोडले असते.

‘लवचीक’ हा शब्द मात्र विज्ञानाच्या चौकटीत बसविण्याचा आग्रह धरू नये. तो लोकांचा शब्द आहे. ‘लवणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. वेत लवतो, ओंब्यांच्या भाराने गहू लवतो, डोळ्याचे पाते लवते. लवणे म्हणजे न मोडता वाकणे. पुन्हा सरळ होणे त्यात बहुधा अभिप्रेत असते, पण ते आवश्यक नाही. म्हणून वेताची छडी लवचीक, तशीच तांब्याची तारही बोलण्यात लवचीक म्हटली जाते. बोलण्यात ते चालते. प्रयोगवहीत चालत नाही. शुद्धलेखनाचा मुद्दा निघालाच आहे, तर हा शब्द मराठी अकारान्त असल्यामुळे त्यातील ‘ची’ दीर्घ लिहावी. ‘लवचिक’ असे ऱ्हस्व लिहिलेले कागद कार्यालयातूनही येतात. त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

अलीकडे या शब्दाला शिक्षणाच्या व्यवहारात विशेष मान मिळाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये लवचीक अभ्यासक्रमाचा पुरस्कार आहे, आणि तेव्हापासून वेळापत्रक, मूल्यमापन, उपस्थिती असे सर्वच काही लवचीक होऊ लागले आहे. शब्दाचा मूळ अर्थ लक्षात ठेवला तर त्यातील गैरसमज टळतील. ओढ्याला पाणी आले म्हणून शाळा एक दिवस तासभर उशिरा भरली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर भरली, तर वेळापत्रक लवचीक होते असे म्हणावे. पाणी ओसरल्यावरही शाळा उशिराच भरत राहिली, तर त्या वेळापत्रकासाठी निराळा शब्द शोधावा लागेल.

परंतु या शब्दांचे खरे घर शाळेत नाही. ते तांबटाच्या, लोहाराच्या व कुंभाराच्या आवारात आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही पेशवाईपासूनच्या या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मठारकाम पाहण्यासारखे असते. तांब्याच्या पत्र्याला ठोकून ठोकून भांड्याचा आकार आणतात आणि मग गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर एकाशेजारी एक असे ठोके देत जातात. त्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी तर येतेच, पण आणखी एक गोष्ट घडते : भांडे कणखर होते. वर्धनीय धातूचा हा विलक्षण स्वभाव पाठ्यपुस्तकातील एका ओळीच्या व्याख्येत येत नाही. ठोकता ठोकता धातू कठीण होत जातो. आरंभी हातोडीपुढे सहज सरकणारे तांबे पुढे पुढे अडू लागते. कारागीर तेव्हा जोर वाढवीत नाही. तो भांडे भट्टीत घालून लाल होईतो तापवितो. तांबे पुन्हा मऊ पडते, आणि मग काम पुढे चालते. न तापविता ठोकतच राहिले तर पत्र्याला भेग जाते. म्हणजे आकार घेण्याची शक्ती अक्षय नसते. ती खर्च होते, आणि विसावा देऊन पुन्हा भरून आणावी लागते.

याचा अनुभव प्रत्येक मुलाने घेतलेला असतो, पण त्याकडे त्याने कधी लक्ष दिलेले नसते. तारेचा तुकडा तोडायचा असला आणि पक्कड नसली, म्हणजे तो एकाच जागी इकडून तिकडे वाकवितात. पहिल्या दोन वेळा तार सहज वाकते, नंतर ती बोटांना अडते, त्या जागी गरम लागते, आणि शेवटी तुटते. वर्गात एकेक वीत तार देऊन किती वाकवण्यांनंतर ती तुटली हे मोजावयास सांगावे. प्रत्येकाचा आकडा थोडा निराळा येईल. तो तसाच वहीत लिहू द्यावा. सर्वांचा आकडा सारखा करून घेण्याचा मोह टाळावा.

लोहाराच्या भट्टीवर आणखी एक कोडे दिसते. तांबे तापवून पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. पोलादी फाळ तापवून पाण्यात बुडविला तर तो कठीण होतो. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. कृती एकच, परिणाम भिन्न. जस्ताची तऱ्हा याहूनही निराळी आहे. साध्या हवेत ते ठिसूळ असते, सुमारे 100 ते 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याचे पत्रे काढता येतात, आणि 200 अंशांच्या पुढे गेले की ते पुन्हा ठिसूळ बनते. तेव्हा ‘धातू वर्धनीय असतात’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना त्यात ‘बहुतेक’ हा शब्द घालण्यास विसरू नये. घरातील बिडाचा तवाही त्याची साक्ष देईल. तो हातातून निसटला तर फुटतो. पत्र्याच्या तव्याला फार तर पोचा येतो. दोन्ही लोखंडाचेच, पण बिडात कार्बनाचे प्रमाण अधिक असते.

असे का होते, हे एखादा चौकस विद्यार्थी विचारल्याशिवाय राहणार नाही. शिक्षकापाशी उत्तर असावे, मग ते त्या वर्गात सर्व सांगितले न गेले तरी चालेल. धातूत अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि सर्वांना मिळून बांधणारे इलेक्ट्रॉन त्यांत मोकळे फिरत असतात. घाव बसला की एक थर दुसऱ्यावरून सरकतो. परंतु बंध सुटत नाही. खडेमिठात तसे नाही. तेथे धन व ऋण प्रभाराचे कण एकाआड एक बसलेले असतात. थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येते, ते एकमेकांना लोटतात, आणि खड्याचा चुरा होतो. खलबत्त्यात एकदा मिठाचा खडा आणि एकदा तांब्याच्या तारेचा तुकडा कुटून दाखविला, की हा सर्व भेद डोळ्यांना दिसतो.

‘प्लॅस्टिक’ या शब्दाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे, कारण तो आज मुलांच्या तोंडी सर्वांत अधिक आहे. मुळात ते एका वस्तूचे नाव नसून एका गुणाचे नाव आहे. ‘घडविता येण्याजोगे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आला. म्हणूनच प्लॅस्टिक सर्जरीत प्लॅस्टिक कोठेच नसते. तेथे शरीराच्या अवयवाला आकार देणे एवढाच अर्थ आहे. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात महाराष्ट्राचेही एक पान आहे. पुण्याजवळ कापलेल्या नाकाच्या जागी कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसविल्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात 1794 साली छापून आला, आणि ते काम करणारा मनुष्य विटा घडविणाऱ्या जातीचा होता अशी नोंद त्यात आहे. मातीला आकार देणाऱ्या समाजातील हाताने माणसाच्या चेहऱ्याला आकार दिला! वस्तू म्हणून प्लॅस्टिकचे दोन प्रकार मुलांना घरीच दाखविता येतात. बादली तापली की मऊ पडते व पुन्हा ओतता येते. 1907 साली लिओ बेकलँड यांनी तयार केलेले बेकेलाइट मात्र एकदा घट्ट झाले की तापविल्याने पुन्हा मऊ होत नाही. कुकरच्या काळ्या मुठी अशाच जातीच्या पदार्थाच्या असतात.

मातीचेही तसेच. पोळ्याला मुले मातीचे बैल करतात, तेव्हा ओल्या मातीचा गुण त्यांच्या बोटांना कळलेला असतो. मातीचे कण अतिशय सूक्ष्म व चपटे असतात, आणि मध्ये पाण्याचा पातळ थर असल्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात. वाळलेला कच्चा बैल पाण्यात टाकला तर विरघळून त्याची पुन्हा माती होते. भाजलेले खापर आठवडाभर पाण्यात ठेवले तरी खापरच राहते. स्वयंपाकघरात तर हा पाठ रोज चालतो. गव्हाची कणीक ताणली जाते, ज्वारीचे पीठ ताणले जात नाही, आणि जुन्या पिठाची विरी गेली की भाकरीच्या कडा फुटतात. मग आई उकळते पाणी घालून ते पीठ मळते. हे ज्ञान वर्गातील मुलींपाशी, आणि आता कित्येक मुलांपाशीही, शिक्षकाहून अधिक असते. त्यांना ते सांगू द्यावे. ‘विरी’ हा शब्द कोणी उच्चारला तर तो ग्राम्य म्हणून बाजूला न सारता फळ्यावर लिहावा.

मातीचे नाव निघाले की स्नेहसंमेलनातील भाषणे आठवतात. मूल म्हणजे मातीचा गोळा आणि शिक्षक म्हणजे कुंभार, हे वाक्य तेथे हमखास येते. ते प्रेमाने म्हटले जाते, यात शंका नाही. परंतु मातीच्या गोळ्याला आपला असा आकार मुळीच नसतो, आणि मुलाला तो असतो. शिवाय कुंभारदेखील कोणत्याही मातीचे वाटेल ते करीत नाही. तो ती निवडतो, भिजत घालतो, तुडवितो, तिच्यात राख वा लीद मिसळतो, आणि ती किती सोशील हे हाताने पाहूनच चाक फिरवितो. वरच्या दोन शब्दांत सांगावयाचे तर तांबे वर्धनीय आहे, आणि मूल वर्धिष्णु आहे. ‘पेढ्यावरचा वर्ख’ लिहिणारी मुलगी कोणी ठोकल्यामुळे ते शिकली नव्हती.

आता प्रत्यक्ष तासाविषयी. साहित्यासाठी पैसे पडण्याचे कारण नाही. तांब्याच्या तारेचा तुकडा, खडेमीठ, रबरी पट्टी, ओली माती, फुटके खापर, बांबूची एक ओली व एक सुकी कांब, आणि मिळाल्यास चॉकलेटभोवतीचा ॲल्युमिनिअमचा कागद इतके पुरे. प्रत्येक वस्तू आधी मुलांच्या हातात द्यावी. ती दाबली, ओढली, वाकविली, ठोकली म्हणजे काय होते ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगावे. चिवट, वातड, कडक, भुसभुशीत, जो शब्द येईल तो येऊ द्यावा. हे झाल्यावरच ‘वर्धनीय’ आणि ‘तन्य’ हे शब्द फळ्यावर यावेत. गावात लोहार, बुरूड किंवा सोनार असेल तर त्याला शाळेत बोलवावे, अथवा मुलांना त्याच्या आवारात न्यावे. सोनाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : दागिना शुद्ध सोन्याचा का करीत नाहीत? 22 कॅरटच्या सोन्यात शेकडा सुमारे 91.6 भाग सोने असते, उरलेले तांबे किंवा चांदी. शुद्ध सोने इतके मऊ, की त्याला दिलेला आकार रोजच्या वापरात टिकत नाही. सहज घडणारी वस्तू सहज बिघडतेही, हे सोनार आपल्या अनुभवाने सांगेल.

आणि चाचणीतील प्रश्नाची भाषा थोडी बदलावी. ‘वर्धनीयता म्हणजे काय?’ असे विचारले की मार्गदर्शकातील ओळ परत येते. त्याऐवजी ‘तांब्याच्या तांब्याला पोचा येतो, मातीच्या मडक्याला का येत नाही?’ असे विचारावे. उत्तरे तपासताना सूचीत नसलेला पदार्थ आढळला, तर फुली मारण्यापूर्वी ते दोन प्रश्न त्या पदार्थाला लावून पाहावेत. ज्या वर्गाचा आरंभी उल्लेख केला, तेथील पेपर पुन्हा तपासण्यात आले. वर्खाच्या उत्तराला उदाहरणाचा एक गुण देण्यात आला. कारणाचा गुण तिला दुसऱ्या दिवशी तोंडी विचारून देण्यात आला; ‘चांदी ठोकून पसरवतात, आणि ती पसरलेलीच राहते,’ असे तिचे उत्तर होते.